दंश ते सलाइन : सर्पदंशात जीव वाचवणारा मधला वेळ

जून-जुलैत वसईच्या पूर्वेला शिरसाड, पारोळ, भाताणे या पट्ट्यात भाताच्या लावणीची धांदल उडते. पश्चिमेला आगाशी, निर्मळ, गास, भुईगावच्या वाड्यांत गवत गुडघाभर वाढते. मधल्या सखल भागात, नालासोपारा आणि वसईच्या अनेक वस्त्यांत, पाणी तळमजल्यांपर्यंत येते. या तिन्ही ठिकाणी पावसाळ्यात एक गोष्ट सारखीच घडते. बिळांत पाणी शिरले की साप कोरडी जागा आणि उंदीर-बेडूक शोधत माणसाच्या जवळ येतात.

सर्पविषावर सध्या जगभर जोरात संशोधन सुरू आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी नाग-मण्यार कुळातील अनेक सापांच्या विषावर एकाच वेळी चालू शकेल, असे मिश्रण तयार केल्याचे जाहीर केले. त्याआधी जानेवारीत संगणकाच्या मदतीने रचलेल्या प्रथिनांनी उंदरांना नागाच्या विषघटकांपासून वाचवल्याची बातमी आली. ही कामे मोलाची आहेत, पण त्यांतले काहीही यंदाच्या पावसाळ्यात पालघर जिल्ह्यातल्या दवाखान्यात मिळणार नाही. आज जीव वाचतो तो जुन्याच प्रतिविषाने, आणि तेही वेळेत मिळाले तर. दंशापासून प्रतिविषाचे सलाइन सुरू होईपर्यंतचा वेळ कसा कमी करायचा, यावरचे महत्त्वाचे संशोधन मात्र आपल्याच जिल्ह्यात, डहाणूत झाले आहे.

घरात होणारे मृत्यू

भारतात सर्पदंशाने किती माणसे मरतात, हे बराच काळ नेमके माहीत नव्हते. रुग्णालयांच्या नोंदींतून येणारा आकडा लहान होता, कारण रुग्णालयात न पोहोचलेल्यांची गणना त्यात होतच नव्हती. ‘मिलियन डेथ स्टडी’ या पाहणीने वेगळी वाट धरली. देशभरातील निवडक घरांत जाऊन प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनी मृत्यूची हकिकत विचारली आणि दोन डॉक्टरांनी ती स्वतंत्रपणे वाचून मृत्यूचे कारण ठरवले. या माहितीवर आधारलेला शोधनिबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा त्याचा निष्कर्ष होता. यांतले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले होते. एक चतुर्थांशाहून अधिक बळी १५ वर्षांखालील मुलांचे होते.

याच पाहणीच्या २०११ मधील निबंधातला एक आकडा अधिक बोलका आहे. सर्पदंशाने मरणाऱ्या दर चार जणांपैकी तिघांचा मृत्यू रुग्णालयाबाहेर झाला होता. कुणी घरी, कुणी भगताच्या अंगणात, कुणी वाटेत. औषध अस्तित्वात असूनही ते या माणसांपर्यंत, किंवा ही माणसे त्याच्यापर्यंत, पोहोचली नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला आणि २०१९ मध्ये मृत्यू व अपंगत्वाचे प्रमाण २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे धोरण आखले. भारताने मार्च २०२४ मध्ये त्याच उद्दिष्टाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला.

चार साप, दोन प्रकारचे विष

आपल्याकडे आढळणारे बहुतेक साप बिनविषारी असतात. धामण, दिवड, तस्कर यांच्या चाव्याने जीव जात नाही. विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष सोडतोच असे नाही. म्हणूनच मंत्राने किंवा झाडपाल्याने ‘विष उतरल्याचे’ अनुभव गावोगाव सांगितले जातात. मुळात विष चढलेलेच नसते.

जीवघेण्या दंशांमागे प्रामुख्याने चार साप असतात : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला निरोप तोडते. आधी पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसू लागतात, बोलणे आणि गिळणे अवघड होते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्ताची गोठण्याची क्षमता संपवते. हिरड्यांतून, लघवीतून किंवा जखमेतून रक्त येत राहते. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात आणि रुग्णाला डायलिसिसवर ठेवावे लागते.

यांत सर्वांत फसवा मण्यार. तो रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावतो. त्याचे दात बारीक असतात. वेदना जवळपास होत नाही, सूज येत नाही, खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते आणि घरचे ते अपचन समजतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी होऊन पापण्या मिटू लागल्या, तर दंशाची खूण नसली तरी मण्यारीचा संशय घ्यायला हवा. अशा रुग्णाला वेळेत कृत्रिम श्वास मिळाला, तर काही दिवसांनी तो पूर्ण बरा होऊन घरी जाऊ शकतो.

डहाणूत काय दिसले?

विरारहून निघालेली लोकल जिथे थांबते, त्या डहाणूत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली ते चालते. तेथील संशोधकांनी सर्पदंशाकडे वळताना विषाऐवजी माणसांपासून सुरुवात केली. आदिवासी पाड्यांवरील लोक, भगत, सर्पमित्र, आशा कार्यकर्त्या आणि वैद्यकीय अधिकारी साप चावल्यावर नेमके काय करतात, हे त्यांनी विचारले. या पाहणीचा निबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. महाडमध्ये विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ करणारे आणि सर्पदंशावरही दीर्घकाळ काम केलेले डॉ. हिंमतराव बावस्कर या कामात सहभागी होते.

पाहणीतून आलेले चित्र ओळखीचे होते. लोकांना विषारी साप ओळखता येत होते, काळजी कशी घ्यायची याचीही बरीच जाण होती. अडचण दंशानंतरच्या पहिल्या तासांत होती. दंशाच्या वर करकचून दोरी बांधणे, भगताकडे नेणे, चिंचोका किंवा लोहचुंबक विष ओढून घेतो असे मानणे, या सगळ्यात मोलाचा वेळ जात होता. उणीव फक्त पाड्यांवरच नव्हती. वैद्यकीय अधिकाऱ्यांचेही सर्पदंशाच्या उपचारपद्धतीचे ज्ञान अपुरे असल्याचे या अभ्यासात आढळले. प्रशिक्षण नसलेला डॉक्टर प्रतिविषाच्या उलट प्रतिक्रियेला घाबरतो आणि रुग्णाला पुढच्या रुग्णालयात पाठवतो. त्या प्रवासात आणखी तास-दोन तास जातात.

म्हणून उपायही दोन्ही टोकांना करावे लागले. एकीकडे आशा कार्यकर्त्या, शाळा, सर्पमित्र आणि भगत यांच्यापर्यंत माहिती नेण्यात आली. भगताला टाळण्यापेक्षा, ‘माझ्याकडे थांबू नका, आधी दवाखान्यात जा’ असे त्यानेच सांगावे, हा विचार त्यामागे होता. दुसरीकडे प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून उपजिल्हा रुग्णालयापर्यंत डॉक्टर आणि परिचारिकांना प्रमाणित उपचारपद्धतीचे प्रशिक्षण देण्यात आले. शंभर रुग्णांमागे चारहून अधिक असलेले मृत्यूचे प्रमाण काही वर्षांत एकाच्याही खाली आले. यासाठी नवे औषध लागले नाही. याच अनुभवावरून पुढे महाराष्ट्र आणि ओडिशातील निवडक भागांत असाच मोठा प्रकल्प आखण्यात आला.

नेपाळच्या तराईतील एका प्रयोगाचे सूत्रही हेच होते. दमक परिसरातील गावांत मोटारसायकल असलेल्या स्वयंसेवकांची यादी करण्यात आली. साप चावला की स्वयंसेवकाने रुग्णाला मध्ये बसवायचे, मागे आणखी एकाने धरायचे आणि थेट उपचार केंद्र गाठायचे. सोबत गावात जनजागृती झाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांतील सर्पदंशाच्या रुग्णांचे मृत्युप्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आले.

काचेची नळी आणि प्रतिविष

रुग्णालयात पोहोचल्यावर सर्वांत उपयोगी चाचणी अगदी साधी आहे. नव्या, कोरड्या काचेच्या नळीत रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त घेऊन ते २० मिनिटे न हलवता ठेवायचे. मग नळी तिरकी करायची. रक्त गोठले नसेल तर घोणस किंवा फुरसे यांचे विष शरीरात आहे, असे समजून प्रतिविष सुरू करतात. वीज नसली, प्रयोगशाळा नसली तरी ही चाचणी होते. नाग-मण्यारीच्या दंशात मात्र रक्त व्यवस्थित गोठते. तिथे डॉक्टर पापण्या, मान आणि श्वास यांकडे लक्ष ठेवतात.

प्रतिविषाला बोलीभाषेत ‘सापाची लस’ म्हणतात, पण ती लस नव्हे. लस शरीराला आधीच तयार करते. प्रतिविष म्हणजे आयत्या प्रतिपिंडांचा साठा. घोड्यांना चारही सापांचे विष अत्यल्प मात्रेत टोचत गेले की त्यांच्या रक्तात प्रतिपिंड तयार होतात. ते वेगळे काढून शुद्ध करतात. भारतातील प्रतिविष चारही सापांवर एकत्र चालते, त्यामुळे साप कोणता होता हे कळले नाही तरी उपचार अडत नाही. मारलेला साप पिशवीत घालून आणण्याची गरज म्हणूनच नसते. साप पकडण्याच्या नादात दुसरा दंश होण्याचा धोका मात्र असतो.

राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पहिली मात्रा साधारण दहा कुप्यांची असते आणि ती सलाइनमधून सुमारे तासाभरात देतात. लहान मुलांनाही मोठ्यांइतकीच मात्रा लागते, कारण साप मूल बघून कमी विष सोडत नाही. घोड्याच्या प्रथिनांमुळे काही रुग्णांना अंगावर पित्त उठते, थंडी वाजते, क्वचित रक्तदाब एकदम उतरतो. त्यासाठी अॅड्रिनलिनचे इंजेक्शन हाताशी तयार ठेवावे लागते. ही तयारी आणि आत्मविश्वास असेल, तर पहिल्या कुप्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच देता येतात. मोठ्या रुग्णालयात पाठवायचेच असेल, तर सलाइन सुरू करून आणि श्वासाची सोय सोबत देऊन पाठवायचे असते.

जुन्या औषधाच्या मर्यादा

देशातील प्रतिविषासाठी लागणारे बहुतांश विष तामिळनाडूतील इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येते. म्हणजे चेन्नई परिसरातल्या सापांच्या विषावर तयार झालेले औषध कोकणातही वापरले जाते आणि राजस्थानातही. एकाच जातीच्या सापाचे विष सगळीकडे सारखे असते का, हा प्रश्न बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर यांच्या गटाने तपासला. एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ३४ ठिकाणच्या ११५ घोणशींचे विष तपासले होते. तापमान, आर्द्रता आणि पाऊस यांनुसार विषाचे घटक बदलतात आणि कोरड्या प्रदेशातील घोणशींच्या विषात प्रथिने तोडणाऱ्या विकरांची क्रिया अधिक असते, असे त्यात दिसले. याच गटाच्या २०१९ मधील अभ्यासात, ‘मोठ्या चार’ सापांबाहेरील काही विषारी जातींवर बाजारातले प्रतिविष कमी पडत असल्याचे आढळले होते. प्रदेशानुसार प्रतिविष तयार करावे, ही मागणी या कामातून पुढे आली.

नव्या औषधांकडे याच पार्श्वभूमीवर पाहायला हवे. मे २०२५ मधील मिश्रणात दोन मानवी प्रतिपिंड आणि ‘व्हारेस्प्लाडिब’ नावाचे औषध होते. वर्षानुवर्षे स्वतःला सर्पविष टोचून घेतलेल्या टिम फ्रीडी या अमेरिकन माणसाच्या रक्तातून ते प्रतिपिंड मिळाले. हा जिवावर बेतणारा मार्ग होता आणि कुणीही त्याचे अनुकरण करू नये, असे तो स्वतःही सांगतो. या मिश्रणाने १९ पैकी १३ जातींच्या विषापासून उंदरांना पूर्ण आणि उरलेल्या सहांपासून अंशतः संरक्षण मिळाले. पण या सगळ्या जाती नाग-मण्यार कुळातल्या आहेत. घोणस आणि फुरसे यांच्यासाठी हे मिश्रण बनलेलेच नाही.

व्हारेस्प्लाडिब तोंडावाटे गोळीच्या रूपातही देता येते, त्यामुळे दवाखाना गाठेपर्यंत ते उपयोगी पडेल अशी आशा होती. भारत आणि अमेरिकेत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. प्रतिविषासोबत ही गोळी दिल्याने सर्व रुग्णांचा मिळून ठळक फायदा दिसला नाही. दंशानंतर पाच तासांच्या आत गोळी मिळालेल्यांत मात्र फायद्याची चिन्हे दिसली. नव्या औषधाच्या बाबतीतही प्रश्न पुन्हा वेळेपाशीच येऊन थांबला.

वसई-विरारसाठी याचा अर्थ

२०११ च्या जनगणनेत १२ लाखांवर लोकसंख्या असलेल्या या शहराला एका बाजूला तुंगारेश्वरचे जंगल आहे, तर दुसऱ्या बाजूला वाड्या, खाड्या आणि मिठागरे. इथला रुग्ण रुग्णालयापासून काही किलोमीटरवरच असतो, पण महामार्गावरची कोंडी आणि साचलेले पाणी तेवढेच अंतर तासाभराचे करू शकते. म्हणून ठरवाठरवी पावसाआधी करायला हवी. आपल्या जवळच्या कोणत्या सरकारी किंवा खासगी रुग्णालयात प्रतिविष आणि कृत्रिम श्वासाची सोय आहे? रात्री तिथे डॉक्टर असतात का? रस्ता बंद असेल तर दुसरी वाट कोणती आणि गाडी कुणाची? प्रत्येक पाड्याने आणि सोसायटीने या प्रश्नांची उत्तरे आत्ताच लिहून ठेवली, तर ऐन वेळी फोन फिरवण्यात अर्धा तास जाणार नाही.

दंश झाल्यावर करायच्या गोष्टी थोड्या आहेत. माणसाला धीर द्यावा आणि चालू देऊ नये. दंश झालेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडाला बांधतात तसा फळी किंवा काठीच्या आधाराने सैलसर बांधून स्थिर ठेवावा. अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ काढावे, कारण सूज आल्यावर ते रुततात. दंशाची वेळ लक्षात ठेवावी. १०८ वर फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने थेट रुग्णालय गाठावे. उलटी होत असेल तर रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवावे. दोरी आवळणे, ब्लेडने कापणे, तोंडाने विष ओढणे, बर्फ लावणे, दारू किंवा काढा पाजणे यांतले काहीही करू नये. आवळलेल्या दोरीमुळे पुढचा भाग कुजून हात किंवा पाय गमावण्याची वेळ येते. दोरी आधीच बांधलेली असेल, तर ती घाईने न सोडता डॉक्टरांसमोरच सोडावी.

दंश टाळण्याचे उपायही महाग नाहीत. आग्नेय नेपाळमध्ये २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका बराच कमी असल्याचे आढळले होते. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचल्या तर मण्यार आत येत नाही, आणि मलेरिया-डेंग्यूचे डासही बाहेर राहतात. शक्यतो खाटेवर झोपावे. रात्री बाहेर पडताना विजेरी घ्यावी. गवत कापताना आणि लाकडे-विटा हलवताना आधी काठीने आपटावे. शेतात गमबूट घालावेत. घराभोवती कचरा आणि सांडलेले धान्य राहू दिले नाही की उंदीर कमी होतात आणि त्यांच्या मागावर येणारे सापही.

प्रशासनाच्या पातळीवर नोंद हे पहिले काम आहे. कर्नाटकने २०२४ च्या फेब्रुवारीत सर्पदंशाची नोंद बंधनकारक केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रीय आरोग्य सचिवांनी सर्वच राज्यांना तसे करण्याविषयी पत्र लिहिले. कोणत्या गावात किती दंश होतात, रुग्ण किती तासांनी पोहोचतो आणि किती कुप्या लागतात, हे कळले तरच पावसाळ्याआधी प्रतिविषाचा साठा योग्य आरोग्य केंद्रात ठेवता येतो. डहाणूतली घटही याच कारणाने दिसू शकली. तिथे आधी मृत्यू मोजले गेले, आणि मग ते कमी झाले.